सेंट राडेगुंडचा शेतकरी : धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर ह्यांचे चरित्र



धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका निघाली म्हणजे तीत मंदिर बांधणाऱ्यांची, जमीन देणाऱ्यांची आणि येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नावे येतात, व ती यावीत हे योग्यच होय. परंतु पहाटे सर्वांच्या आधी उठून मंदिराचे दार उघडणारा, घंटा वाजविणारा आणि वेदीवरील मेणबत्त्या पेटविणारा जो मनुष्य, त्याचे नाव बहुधा राहून जाते. ह्या स्मरणिकेसाठी एखाद्या पुण्यपुरुषाचे चरित्र लिहून द्यावे अशी विनंती आली, तेव्हा अशाच एका मंदिरसेवकाची मला आठवण झाली. तो धंद्याने शेतकरी होता. दोन वेळा सैन्याचा गणवेश अंगावर चढवून परत आलेला होता. चार मुलींचा बाप होता. आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याच्या देशावर राज्य करणाऱ्यांनी त्याचे मस्तक उडविले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजही शेतीवाडी आहे, निदान आजोबांच्या काळापर्यंत तरी होती. म्हणून ह्या शेतकऱ्याची हकिकत आपणांस परकी वाटणार नाही, असा मला भरवसा आहे.

ऑस्ट्रिया देशाच्या उत्तर भागात, जर्मनीच्या बव्हेरिया प्रांताच्या अगदी सीमेवर, साल्त्साख नावाच्या नदीकाठी सेंट राडेगुंड हे लहानसे खेडे आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. सगळे कॅथॉलिक, सगळे शेतकरी. हे गाव ब्राउनाऊ जिल्ह्यात मोडते. त्याच ब्राउनाऊ शहरात १८८९ साली अडॉल्फ हिटलर जन्मास आला, आणि त्याच जिल्ह्यातील ह्या खेड्यात २० मे १९०७ रोजी फ्रान्झ जन्मास आला. एकाच मातीतून काय काय उगवते, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

फ्रान्झची आई रोझालिया हुबर ही एका शेतकऱ्याकडे मोलकरीण होती, आणि बाप शेजारच्या गावचा शेतकऱ्याचा मुलगा. दोघेही इतकी दरिद्री की त्यांस लग्न करून संसार थाटता आला नाही, व मूल विवाहाबाहेर जन्मले. काही चरित्रकार हा भाग घाईने उरकतात. मला तसे करण्याचे कारण दिसत नाही. पहिल्या महायुद्धात बाप मारला गेला. पोराचे संगोपन आजीने केले. ही एलिझाबेथ हुबर मोठी भाविक बाई होती. घरात अन्न थोडे, प्रार्थना पुष्कळ. शाळेत गरीब पोरांना हिणविण्यात येई, आणि फ्रान्झच्या वाट्याला ते दोन्ही कारणांनी आले असावे. १९१७ साली आईने हाइनरिख येगरश्टेटर ह्या शेतकऱ्याशी लग्न केले. ह्या भल्या माणसाने मुलास दत्तक घेऊन आपले नाव दिले. नव्या घरात पुस्तके होती. मुलास वाचनाची गोडी लागली ती कायमची. पुढे एकदा त्याने आपल्या धर्मपुत्रास लिहिले, त्याचा आशय असा की जो वाचीत नाही तो स्वतःच्या पायांवर उभा राहू शकत नाही आणि इतरांच्या मतांचा चेंडू होऊन बसतो.

तरुणपणी ते काही साधुपुरुष नव्हते. गावातल्या मौजमजेत पुढे, मारामारीतही मागे नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. १९२७ ते १९३० ही तीन वर्षे त्यांनी आइझनएर्त्स येथील लोखंडाच्या खाणीत काम केले. तेथे कामगारांमध्ये धर्माविषयी उदासीनता होती आणि फ्रान्झ ह्यांचीही श्रद्धा काही काळ डळमळली. परंतु परत आले ते श्रद्धेने अधिक पक्के होऊन, आणि एक मोटरसायकल घेऊन. गावातील ती पहिलीच मोटरसायकल. १९३३ साली एका मोलकरणीपासून त्यांस हिल्डेगार्ड नावाची मुलगी झाली. त्या दोघांचा विवाह झाला नाही. तथापि फ्रान्झ ह्यांनी मुलीस टाकले नाही. तिच्या पोषणाचा भार उचलला आणि तिच्याशी शेवटपर्यंत प्रेमाचा संबंध ठेवला. त्याच वर्षी दत्तक पिता वारला आणि शेत त्यांच्या हाती आले.

९ एप्रिल १९३६ रोजी, पवित्र गुरुवारच्या पहाटे, त्यांचा विवाह शेजारच्या होखबुर्ग गावच्या फ्रान्झिस्का श्वानिंगर हिच्याशी झाला. ही मुलगी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान होती व एके काळी धर्मभगिनी होण्याचा विचार करीत होती. लग्नानंतर दोघे रोम शहरी यात्रेस गेली व तेथे पोप महाशय अकरावे पायस ह्यांचे दर्शन त्यांस घडले. ऑस्ट्रियातील एका लहान शेतकऱ्याच्या ऐपतीला ही यात्रा म्हणजे काही थोडी गोष्ट नव्हती.

ह्या लग्नाने फ्रान्झ अंतर्बाह्य बदलले, असे गावातील लोक पुढे सांगत, आणि काही जण तो दोष म्हणून बायकोच्या माथी मारीत. नवराबायको मिळून प्रार्थना करीत, पवित्र शास्त्र वाचीत. रोझालिया, मारिया व आलोइझिया ह्या तीन मुली १९३७, १९३८ व १९४० साली झाल्या. फ्रान्झ दररोज मिस्साबलिदानास जाऊ लागले, व शेताची कामे करता करता जपमाळ म्हणू लागले. ह्या संसारात खोट नव्हती. पत्नीस त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. ती वाचताना हा मनुष्य मृत्यूकडे ओढला गेला तो संसाराला कंटाळून, असे कोणासही म्हणता येणार नाही. गायी, गवताची कापणी, मुलींचे खोकले, बटाट्यांची लागवड, हेच त्या पत्रांचे विषय आहेत.

आता राजकारणाकडे वळले पाहिजे. कारण ते त्या शेतकऱ्याच्या दारात आपण होऊन आले. लिंत्स धर्मप्रांताचे महागुरू ग्फॉल्नर ह्यांनी जानेवारी १९३३ मध्ये एका परिपत्रकाने बजावले होते की, चांगला कॅथॉलिक आणि खरा नाझी ही दोन्ही एकाच वेळी होता येणे शक्य नाही. फ्रान्झ ह्यांनी ते मनावर घेतले. जानेवारी १९३८ मध्ये एका रात्री त्यांस स्वप्न पडले. एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येत आहे, मोठी माणसे आणि मुलेदेखील तिच्याकडे धावत सुटली आहेत, कोणाला आवरता आवरत नाही. आणि इतक्यात एक वाणी सांगते की ही गाडी नरकास जात आहे. पुढे ते म्हणत की ती गाडी म्हणजे नाझी पक्ष आणि त्याच्या नाना संघटना.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. १० एप्रिल रोजी जर्मनीशी एकीकरणास संमती आहे किंवा नाही ह्यावर लोकमत घेण्यात आले. त्यापूर्वी ऑस्ट्रियाच्या महागुरूंनी एक जाहीर निवेदन काढून श्रद्धावंतांस अनुकूल मत देण्याविषयी सुचविले होते. ही गोष्ट लिहिताना माझ्यासारख्या धर्मगुरूस संकोच वाटतो, पण ती घडलेली आहे. त्या दिवशी सेंट राडेगुंडमध्ये प्रतिकूल मत एकट्या फ्रान्झ ह्यांनी दिले. गावकारभाऱ्यांनी ते दडपून टाकले आणि गाव शंभर टक्के अनुकूल असल्याचे वर कळविले. ह्या दडपण्यात दुष्टावा होता की गावच्या पोराला वाचविण्याची इच्छा, हे ठरविणे सोपे नाही. थोडे दोन्ही असावे.

येथून पुढे त्यांनी राजवटीशी व्यवहार जवळजवळ तोडून टाकला. मुलांमागे सरकारकडून मिळणारा भत्ता त्यांनी नाकारला. गारपिटीने पीक गेले तेव्हा नुकसानभरपाईसुद्धा घेतली नाही. पक्षाच्या वर्गणीस ते पैसा देत नसत. त्याऐवजी गरिबांस धान्य नेऊन देत. शेतकऱ्यास गारपिटीची भरपाई नाकारणे म्हणजे काय, हे ज्याच्या कोठारात कधी दाणे उणे पडले आहेत त्यासच कळेल. तीन लहान पोरी, म्हातारी आई आणि थोडी गुरे, एवढ्या प्रपंचावर त्यांनी हा मान राखला.

सैनिक म्हणूनही त्यांची हकिकत सांगितली पाहिजे. १७ जून १९४० रोजी त्यांस ब्राउनाऊ येथे सैन्यात बोलाविण्यात आले. त्या वेळी ते गेले व त्यांनी शपथही घेतली. गावच्या प्रमुखाने खटपट केल्यामुळे थोड्याच दिवसांत ते घरी परतले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणे आले आणि एप्रिल १९४१ पर्यंत एन्स वगैरे ठिकाणी त्यांनी मोटरचालकाचे शिक्षण घेतले. एन्स येथेच ८ डिसेंबर १९४० रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, एका सोबती सैनिकासह त्यांनी संत फ्रान्सिस ह्यांच्या प्रापंचिकांसाठी असलेल्या तिसऱ्या संघात प्रवेश केला. तात्पर्य, बराकीतले जीवन त्यांस ठाऊक होते, आणि बंदूक हाती धरण्याची भीती हे त्यांच्या नकाराचे कारण नव्हते. आत राहून जे पाहिले आणि ऐकले त्यामुळेच त्यांनी निश्चय केला की तिसऱ्यांदा बोलावणे आल्यास जावयाचे नाही. मनोरुग्णांस सरकारी हुकुमाने ठार मारण्यात येत आहे ही वार्ता त्या काळी कानोकानी पसरली होती, व तिचा त्यांच्या मनावर मोठा आघात झाला.

शेतीसाठी आवश्यक मनुष्य म्हणून घरी आल्यावर त्याच वर्षी उन्हाळ्यात ते आपल्या धर्मग्रामाच्या मंदिराचे सेवक झाले. गावचे धर्मगुरू फादर कारोबाथ ह्यांस एका प्रवचनापायी आदल्या वर्षी अटक होऊन जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले होते आणि त्यांच्या जागी फादर फ्युर्थाउअर हे तरुण सहायक आले होते. घंटा, मेणबत्त्या, वेदीची वस्त्रे, अंत्यविधीची व्यवस्था ही सर्व कामे फ्रान्झ करीत आणि अंत्यविधीचे पैसे घेत नसत. ज्या काळात आघाडीवर पडलेल्या पोरांसाठी एकामागून एक मिस्सा होत होते, त्या काळात ही सेवा हलकी नव्हती. प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचे होते.

रात्री ते वहीत लिहीत बसत. शिक्षण खेड्यातील शाळेपुरते. पण विचार किती स्वच्छ! रशियावरील स्वारी निरीश्वरवादी बोल्शेविकांविरुद्धचे धर्मयुद्ध आहे, असे त्या वेळी पुष्कळ धर्मनिष्ठ लोकही मानीत. फ्रान्झ ह्यांनी शेतकऱ्याच्या नजरेने एवढेच विचारले की, लढाई केवळ विचारांशी असेल तर मग तिकडचे खनिज, तेलाच्या विहिरी आणि सुपीक जमीन ह्यांच्यावर इतका डोळा कशासाठी? आपल्या घरात घुसलेल्यास हाकलणे निराळे आणि शेजाऱ्याच्या शेतात नांगर घालणे निराळे. ह्या युद्धात आपला देश दुसऱ्या प्रकारचे काम करीत आहे, आणि त्यात हात घालणारा त्या पापाचा वाटेकरी होतो, असा त्यांचा निर्णय झाला.

निर्णय त्यांनी हट्टाने, कोणास न विचारता केला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ते एका धर्मगुरूकडून दुसऱ्याकडे गेले. फादर कारोबाथ ह्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे त्यांचे मन वळविण्याचा यत्न केला आणि पुढे स्वतःच कबूल केले की प्रत्येक वेळी शास्त्रवचनांतच ह्या शेतकऱ्याने त्यांस निरुत्तर केले. अखेरीस ते लिंत्स येथे महागुरू फ्लीसर ह्यांस भेटले. फ्रान्झिस्काबाई बरोबर गेल्या होत्या, पण त्या बाहेर थांबल्या. महागुरूंनी त्यांस समजाविले की राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी प्रजाजनावर नाही, आणि बापावर जबाबदारी आहे ती त्याच्या कुटुंबाची. बाहेर आल्यावर फ्रान्झ खिन्न दिसले. पत्नीस त्यांनी एवढेच सांगितले की महागुरूंचीही छाती होत नाही. कदाचित आपल्यावरही संकट येईल अशी त्यांस भीती असावी.

ह्या प्रसंगाशी मी पुष्कळ वेळ थांबतो. धर्मगुरूपदाच्या शिक्षणात विवेकबुद्धीविषयीचे प्रकरण आम्ही सर्वांनी अभ्यासिले. कायद्याने बांधलेला सामान्य मनुष्य, संशय असल्यास अधिकाऱ्यास झुकते माप, कुटुंबाचे पोषण हे प्रथम कर्तव्य, ही सर्व सूत्रे त्या पुस्तकांत होती, आणि महागुरू फ्लीसर ह्यांनी जे सांगितले ते पुस्तकाप्रमाणेच होते. तो सल्ला भित्र्या मनुष्याचा म्हणून झटकून टाकावा, तर अन्याय होईल. समोर बसलेला मनुष्य तीन लहान मुलींचा बाप होता, आणि त्यास जिवंत घरी पाठवावे असे कोणत्या मेंढपाळास वाटणार नाही? परंतु त्या खोलीत शास्त्र कोणाच्या बाजूस होते, असे आज विचाराल, तर मी शेतकऱ्याच्या बाजूस होते असेच म्हणेन. संशयाचे नियम संशयात असलेल्यासाठी असतात. फ्रान्झ ह्यांस संशय उरला नव्हता. बायकोपोरे आहेत म्हणून ईश्वराचा अपराध करण्याची मोकळीक मिळत नाही, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. आणि कुटुंबाविषयी बोलावयाचे तर, आपल्या मुलींसाठी बापाने काय राखून ठेवावे ह्याचा विचार त्यांनी सल्लागारांहून अधिक केला होता.

आईने नातेवाइकांस गोळा करून मुलाचे मन वळविण्याचा यत्न केला. फ्रान्झिस्काबाईंनीही प्रथम फार विनवण्या केल्या. पण घरातले झाडून सगळे त्यांच्यावर तुटून पडलेले पाहून त्या नवऱ्याच्या बाजूस उभ्या राहिल्या. आपणही विरुद्ध गेलो असतो तर त्यास जगात कोणीच उरले नसते, असे त्या पुढे सांगत. ह्या बाईंच्या धैर्याविषयी स्वतंत्र चरित्र लिहावे इतके ते मोठे आहे.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसरे बोलावणे आले. स्टालिनग्राड येथे जर्मन सैन्याचा नुकताच दारुण पराभव झाला होता आणि माणसांची निकड होती. नदीपलीकडील टिट्मोनिंग स्थानकावर नवराबायकोंनी निरोप घेतला. गाडी हलेपर्यंत दोघांस एकमेकांचे हात सोडवेनात. १ मार्च रोजी ते एन्स येथे हजर झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्र धरण्यास नकार असल्याचे सांगून टाकिले. पळून जाण्याचा, रानात लपण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही; कारण तसे केल्यास घरच्यांवर सूड उगविला जाईल, हे त्यांस दिसत होते.

लिंत्स येथील तुरुंगात ते दोन महिने होते. तेथे त्यांस फार छळ सोसावा लागला व मनही एकदोनदा खचले. स्वतः उपाशी असून आपला भाकरीचा तुकडा ते इतर कैद्यांस देत, असे बरोबरच्यांनी पुढे सांगितले. घरून एक छायाचित्र आले. त्यात तिन्ही मुली उभ्या असून बाबांनी लवकर घरी यावे अशा अर्थाची पाटी त्यांनी हाती धरली होती. ह्या छायाचित्राने बापाच्या काळजाचे काय झाले असेल, ते सांगणे नको. ४ मे रोजी त्यांस बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलविण्यात आले.

६ जुलै १९४३ रोजी सर्वोच्च लष्करी न्यायालयाने त्यांस सैन्याचे बळ खच्ची केल्याच्या गुन्ह्याखाली मृत्युदंड ठोठावला. जखमींची शुश्रूषा करण्याचे काम द्याल तर करीन, अशी त्यांनी तयारी दाखविली होती. ती मानली गेली नाही. त्यांचे वकील फेल्डमान ह्यांनी आशा सोडली नव्हती. त्यांच्या खटपटीने फ्रान्झिस्काबाई व फादर फ्युर्थाउअर ह्यांस त्याच महिन्यात बर्लिनला येऊन भेटण्याची परवानगी मिळाली. शेतातली कामे सासूवर टाकून ती बाई जवळजवळ सारा जर्मनी ओलांडून गेली, आणि भेट झाली ती वीस मिनिटांची, पहारेकऱ्यांच्या देखत. त्यातलाही बराचसा वेळ तरुण धर्मगुरूंनी फ्रान्झ ह्यांचे मन वळविण्यात घालविला. ते वळले नाही. नवराबायकोंची ती अखेरची भेट.

ह्या दिवसांत एक मोठे सांत्वन त्यांस लाभले. आपण एकटेच असा हट्ट धरून बसलो आहोत, हा विचार त्यांस बोचत असे. तुरुंगाचे धर्मगुरू फादर क्रॉइट्सबर्ग ह्यांनी त्यांस सांगितले की आदल्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९४२ रोजी, फादर फ्रान्झ राइनिश ह्या ऑस्ट्रियन धर्मगुरूंनी हिटलरच्या नावाची शपथ नाकारून ह्याच कारणासाठी प्राण दिला. हे ऐकून शेतकऱ्याचा चेहरा उजळला. जे एका धर्मगुरूने केले ते चुकीच्या वाटेचे नसणार, एवढा त्यास आधार पुरला. ज्यास इतक्या धर्मगुरूंनी परत फिरविण्याचा यत्न केला, त्यास धीर मिळाला तोही एका धर्मगुरूच्या उदाहरणानेच. आम्हा धर्मगुरूंस ह्यात थोडे समाधान मानता येईल.

९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांस ब्रांडेनबुर्ग येथे नेण्यात आले. शिक्षा कायम झाली असून त्याच दिवशी दुपारी चार वाजता अंमलात येईल, असे मध्यान्ही कळविण्यात आले. त्यांनी घरी अखेरचे पत्र लिहिले. मुलींचे, आईचे व पत्नीचे आपल्यामुळे जे हाल झाले त्यांविषयी क्षमा मागितली. फादर योखमान हे त्या दिवशी तेथे होते. टेबलावर एक कागद पडलेला होता. त्यावर सही केली तर जीव वाचण्याचा संभव होता. फ्रान्झ ह्यांनी तो बाजूस सारला. फादरांनी नवा करार वाचण्यास देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. आपण प्रभूशी पूर्ण एकरूप झालो आहोत आणि वाचनाने त्यात खंडच पडेल, असे त्यांचे म्हणणे पडले. चार वाजता त्या दिवशीच्या सोळा जणांपैकी पहिले म्हणून त्यांचा गिलोटिन यंत्राने शिरच्छेद झाला. त्या सायंकाळी फादर योखमान ह्यांनी धर्मभगिनींस सांगितले की आयुष्यात आपणास भेटलेला एकमेव संत म्हणजे हा शेतकरी.

देह जाळण्यात आला. तेथील धर्मभगिनींनी रक्षा कोठे पुरली आहे ते ध्यानात ठेविले व तेथे फुले लावली. १९४६ साली रक्षा गावी आणण्यात आली, आणि ९ ऑगस्ट रोजी, तिसऱ्या पुण्यतिथीस, मंदिराच्या भिंतीशी तिचे दफन झाले.

परंतु गावाने त्यांस लगेच मान दिला, असे समजू नये. ज्या घरांतील मुलगे रशियात पडले होते त्या घरांस हे थडगे बोचत असे. हा एकटा बरोबर असेल तर आमची पोरे कशासाठी मेली, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही तरी प्रत्येकाच्या मनात होता. लढून परतलेल्या सैनिकांस वाटे की ह्याने बायकोपोरांस वाऱ्यावर सोडले. हा आकस मला समजतो. त्यात द्वेषापेक्षा दुःख अधिक होते. फ्रान्झ ह्यांच्याविषयीचा एक लेख धर्मप्रांताच्या साप्ताहिकात छापावा, अशी मागणी झाली असता महागुरू फ्लीसर ह्यांनी संमती दिली नाही. आपले कर्तव्य म्हणून लढत मेलेले तरुण हे अधिक मोठे वीर, असे त्यांचे मत होते. सरकारनेही युद्धपीडितांच्या विधवांस मिळणारे वेतन फ्रान्झिस्काबाईंस आधी नाकारले. ते १९५० साली मिळाले. तोवर त्या बाई सासूसह नांगरट, कापणी, गुरेढोरे सर्व काही स्वतः करीत व मुली वाढवीत होत्या. मंदिराच्या सेवकाचे कामही त्यांनी नवऱ्यामागे अंगावर घेतले व पुढे कित्येक वर्षे चालविले. ज्या मंदिरात त्यांच्याशी नीट न बोलणारे शेजारी येत, त्याच मंदिराचे दार त्या पहाटे उघडीत.

हे नाव जगापुढे आले ते गॉर्डन झान ह्या अमेरिकन कॅथॉलिक समाजशास्त्रज्ञामुळे. त्यांनी गावात जाऊन चौकशी केली आणि १९६४ साली पुस्तक प्रसिद्ध केले. येथे आपल्याकडील एक दुवा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, युद्ध व विवेकबुद्धी ह्या विषयावर विचार चालू असता ज्यांनी ह्या शेतकऱ्याचे उदाहरण परिषदेच्या पुढे ठेविले ते महागुरू टॉमस रॉबर्ट्स, येशूसंघीय, हे १९३७ पासून १९५० पर्यंत मुंबईचे महागुरू होते. वसई-मुंबईकडील काही जुन्या घराण्यांतील वाडवडिलांस त्यांच्याच हातून दृढीकरण संस्कार मिळालेला असेल. आपल्या जागी भारतीय महागुरू यावा म्हणून पद सोडून गेलेल्या ह्या स्वतंत्र वृत्तीच्या पुरुषास सेंट राडेगुंडच्या शेतकऱ्याची योग्यता चटकन ओळखता आली, ह्याचे मला नवल वाटत नाही. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात विवेकबुद्धीस अनुसरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची सोय असावी, असे म्हटले आहे. बावीस वर्षांपूर्वी लिंत्स येथे जे ऐकावयास मिळाले नाही, ते आता संपूर्ण ख्रिस्तसभा सांगत होती.

मे १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने १९४३ सालचा निकाल रद्द ठरविला. १ जून २००७ रोजी रोमने त्यांचे मरण हे श्रद्धेसाठीचे रक्तसाक्षित्व असल्याचे मान्य केले, व त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय दिनी, लिंत्सच्या महामंदिरात फ्रान्झ येगरश्टेटर ह्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. त्यांचा स्मरणदिन २१ मे हा, त्यांच्या बाप्तिस्म्याचा दिवस, ठरविण्यात आला. ज्या धर्मप्रांताच्या महागुरूंनी त्यांस घरी परत जाण्यास सांगितले होते, त्याच धर्मप्रांताच्या मुख्य वेदीपुढे हा सोहळा झाला.

त्या सोहळ्यास चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्झिस्काबाई मुलींसह हजर होत्या. पतीच्या अवशेषांचे पात्र वेदीकडे नेण्यापूर्वी त्यांनी त्याचे चुंबन घेतले. ४ मार्च २०१३ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पुरी केली व बारा दिवसांनी, १६ मार्च रोजी, सेंट राडेगुंड येथे देह ठेविला. वैधव्याची सत्तर वर्षे भरण्यास त्या वेळी पाच महिने कमी होते.